रोजच्या कॉलवर स्पॅनिशमध्ये खुशाली नेमकी कशी विचारायची?

नवशिकी:

नमस्कार मंडळी.

मी हिंजवडीत एका कंपनीत अकाउंट्स पेएबलला आहे. पुरवठादारांची बिलं, अडकलेली पेमेंट्स, त्यांचे फोन. माझ्या वाट्याला मेक्सिको आणि कोलंबिया आले आहेत. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेयच्या ऑफिसात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, म्हणजे माझा खरा दिवस तेव्हा सुरू होतो. शनिवार-रविवार फर्ग्युसन रस्त्यावर स्पॅनिशचा क्लास करते. ए-वन झालं, ए-टू चालू आहे.

अडचण अशी की पुस्तकात खुशाली विचारायची तीनच वाक्यं आहेत: 'कोमो एस्तास' (कशी आहेस), 'कोमो एस्ता उस्तेद' (तुम्ही कसे आहात, 'उस्तेद' म्हणजे आदराचं 'तुम्ही') आणि 'के ताल' (कसं काय). कॉलवर मात्र रोज काहीतरी नवीन कानावर पडतं. मेक्सिकोवाले आपापसात 'के ओन्दा' म्हणतात. कोलंबियातल्या बोगोताहून 'क्युबो', 'के मास', 'कोमो ले बा', आणि सकाळी सकाळी 'कोमो आमानेस्यो'. मला समोरच्याचा सूर कळतो, विचारपूस चालली आहे हे कळतं, पण उलट काय म्हणायचं ते पटकन सुचत नाही. मग 'ब्येन, ग्रास्यास' म्हणून मी सरळ इन्व्हॉइस नंबरवर येते.

दोन गोष्टी खास विचारायच्या आहेत. मॉन्तेरेयच्या आमच्या वरिष्ठ बाई पन्नाशीच्या आहेत, फार प्रेमाने बोलतात. त्यांना 'एस्तास' म्हणावं की 'एस्ता'? आणि बोगोताचा एक मुलगा माझ्याच वयाचा आहे, रोज बोलतो, हसतो, तरी मला कायम 'उस्तेद' म्हणतो. माझ्याकडून काही दुखावला असेल का तो?

डेक्कनवासी:

मी माद्रिदला शिकायला होतो, त्यामुळे फक्त स्पेनचं सांगतो. तिथे 'तू' फार लवकर येतं. प्राध्यापक, बॉस, दुकानदार, सगळ्यांशी 'तू'. उस्तेद राहतं ते म्हाताऱ्या शेजाऱ्यांसाठी किंवा सरकारी कचेरीत. विचारताना 'के ताल', 'के ताल एस्तास', 'कोमो बास', मित्र असेल तर 'के पासा'. चार-पाच जणांच्या घोळक्याला 'कोमो एस्ताइस', हे रूप तुझ्या मेक्सिको-कोलंबियात कोणी बोलत नाही, तिथे घोळका कितीही जवळचा असला तरी 'कोमो एस्तान'. आणि माद्रिदला 'ग्राथ्यास' म्हणतात, तुझ्याकडच्या लोकांचं 'ग्रास्यास'च, ते बदलू नकोस.

एक सांगतो, क्लासमध्ये 'आसी आसी' शिकवलं असेल तर विसर. मला तिथे ते कोणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. ठीकठाक चाललंय असं सांगायचं तर 'रेगुलार' किंवा 'तिरान्दो' म्हणतात. 'रेगुलार' म्हणजे नेहमीसारखं छान असं समजू नकोस, त्यात थोडी कुरकुर असते.

दुभाषी:

नवशिकी, तुला 'तू' म्हणते, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली साधारण तुझ्याच वयाच्या असतात. मी कोथरूडला राहते. घरी शिकवण्या घेते आणि दुभाष्याचं काम करते. चाकणच्या कारखान्यांत स्पेनहून मशिनं येतात, ती बसवायला तिकडची माणसं येतात, आणि त्यांच्या व आपल्या फिटर लोकांच्या मधे उभं राहून बोलायचं, हे माझं काम.

आधी बोगोताच्या मुलाचं, कारण तेच तुझ्या मनाला लागलेलं दिसतंय. तो अजिबात दुखावलेला नाही. बोगोता आणि तिच्या भोवतीच्या डोंगराळ मुलखात उस्तेद जिवलग मित्रांत चालतं, नवरा-बायकोत चालतं, आई मुलाला म्हणते. शेजारच्या बोयाका भागात तर 'सुमेर्से' म्हणतात, आणि ते फार मायेचं संबोधन आहे. त्याच देशात मेदेयीनला आणि कालीला गेलीस तर 'तू'च्या जागी 'बोस' ऐकशील, आणि कार्ताखेना, बारांकियाच्या किनाऱ्यावर 'तू'. तेव्हा तो उस्तेद म्हणतो ना, तूही उस्तेद म्हण. 'कोमो ले बा?' असं तो विचारतो त्यातला 'ले' हा उस्तेदचाच आहे. 'तू'ला तेच 'कोमो ते बा' होतं.

मॉन्तेरेयच्या बाईंना 'कोमो एस्ता'. त्या कितीही प्रेमाने बोलल्या तरी सुरुवात तुझ्याकडून उस्तेदनेच व्हायला हवी. त्यांना मोकळीक द्यायची असेल तर त्या स्वतः म्हणतील, 'आब्लामे दे तू', मला 'तू' म्हण. किंवा 'पुएदेस तुतेआर्मे'. असं म्हणाल्या की मात्र त्याच वाक्यापासून 'तू' सुरू कर. पुढे केलेला हात घ्यायचा असतो. आपल्याकडच्या मुली इथे लाजतात आणि आदरापोटी उस्तेद चालू ठेवतात, त्याने समोरच्या माणसाला उगाच परकं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. वाक्यांच्या याद्या तुला कुठेही मिळतील. मी माझ्या मुलींना यादी देत नाही, मी त्यांना ऐकायला सांगते की विचारणारा उत्तरासाठी थांबतो की नाही. खुशाली विचारण्याचे सगळे प्रकार यावरून दोन बाजूंना पडतात.

चाकणला मी रोज पाहते ते सांगते. बास्क भागातले तंत्रज्ञ येतात, एल्गोइबारसारख्या गावांतले, तिथे मशीन टूलचा मोठा धंदा आहे. सकाळी शॉप फ्लोअरवर शिरताना त्यांचा एक फोरमन दारापासून कंट्रोल पॅनेलपर्यंत चालत जातो आणि वाटेत जो दिसेल त्याला 'के ताल' म्हणतो. आपल्या माणसांना, हेल्परला, मला, सिक्युरिटीच्या काकांना. हात ग्रीसने भरलेला असला तर मनगट पुढे करतो. आणि थांबत नाही. त्याच्या माणसांपैकी कोणी 'ब्येन' म्हणतो, कोणी 'तिरान्दो', आणि एकजण उत्तर न देता उलट 'के ताल'च म्हणतो. कोणालाच काही कमी पडल्यासारखं वाटत नाही, कारण ते नमस्कारासारखं आहे. तोच फोरमन दुपारी चहाच्या टपरीवर, आमचा एक फिटर पाठदुखीने दोन दिवस घरी होता त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, 'कोमो ते एन्क्वेन्त्रास?', आता कसं वाटतंय, आणि चहाचा कप हातात धरून थांबला. मी भाषांतर केलं, फिटरने सांगितलं, मी उलट भाषांतर केलं, तोवर तो हलला नाही. माणूस तोच, दिवस तोच, पण सकाळचा प्रश्न चालता चालता सोडून द्यायचा होता आणि दुपारचा उत्तर घेतल्याशिवाय जाणारा नव्हता.

हे एकदा कानात बसलं की तुझी सगळी वाक्यं आपोआप जागेवर पडतात.

चालता चालता विचारायचे: 'के ताल', 'के पासा', 'के आय', 'के ओन्दा', 'क्युबो', 'के मास'. यातल्या 'के ताल'ला 'ब्येन' म्हणता येतं. बाकीच्यांचा रोख 'काय चाललंय, काय विशेष' असा आहे, म्हणून त्यांना 'नादा, आकी, त्राबाखान्दो' म्हणजे काही नाही, हे काय, काम चाललंय, असं हलकं काहीतरी म्हणावं. किंवा 'तोदो ब्येन'. बोगोताच्या 'के मास'ला तर 'ब्येन, इ उस्तेद, के मास?' असं तेच परत फेकतात आणि दोघंही खूश. 'के ओन्दा' तू तुझ्या बरोबरीच्यांना म्हण, बाईंना नको. 'क्युबो' तू समजून घे, बोलायची घाई नको. ते ज्याच्या त्याच्या गावच्या तोंडात शोभतं.

थांबून विचारायचे: 'कोमो एस्ता', 'कोमो ले बा', 'कोमो से एन्क्वेन्त्रा', 'कोमो से स्येन्ते', 'कोमो सीगे'. शेवटच्या तिघांना तब्येतीचा वास आहे. 'कोमो सीगे' म्हणजे तुमचं जे काही दुखणं-खुपणं मला ठाऊक आहे ते आता कसं आहे. ज्याचं काही ठाऊकच नाही त्याला तो प्रश्न विचारता येत नाही, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. आधी कधीतरी ऐकून लक्षात ठेवल्याशिवाय तो तोंडी येतच नाही.

'कोमो आमानेस्यो' हा सकाळचा. रात्र कशी गेली, झोप नीट लागली ना, एवढंच. 'मुय ब्येन, ग्रास्यास, इ उस्तेद?' आणि तुझ्याकडे रात्र असली तरी 'ब्वेनोस दीआस'च म्हण, त्यांच्या घड्याळाने.

आणि क्रियापद सांभाळ. 'कोमो एस्ता सु हेफा' म्हणजे तुमच्या बाई बऱ्या आहेत ना. 'कोमो एस सु हेफा' म्हटलंस तर त्या स्वभावाने, दिसायला कशा आहेत याचं वर्णन मागितल्यासारखं होतं. मराठीत 'कशा आहेत' दोन्हीकडे चालतं म्हणून आपली मुलं इथे हमखास अडकतात. उत्तरातही तेच. 'एस्तोय ब्येन' म्हण. 'एस्तोय ब्वेना' कधीच नाही, त्याचा अर्थ मी दिसायला मादक आहे असा होतो आणि ऑफिसच्या कॉलवर तो नकोसा आहे. तसंच 'के पासा' ठीक, पण मधे 'ते' घालून 'के ते पासा' झालं की तुला झालंय काय असा जाब विचारल्यासारखं ऐकू येतं.

उच्चाराची काळजी करू नकोस. आपला 'त' आणि 'द' दातांवर लागतो तसाच त्यांचा लागतो. फक्त इंग्रजी बोलताना सवयीने 'ट' होतो तो इथे आणायचा नाही. 'एस्टास' नाही, 'एस्तास'. मराठी मुलीला हे जन्मतः येतं.

केरेतारोहून परत:

दुभाषीताईंनी सगळं सांगितलंच. मी केरेतारोमध्ये वाहनांच्या सुट्या भागांच्या प्लँटवर होतो, त्यामुळे मेक्सिकोपुरती भर घालतो.

तिथे हुद्द्याने हाक मारायची फार रीत आहे. इंजिनिअर असेल तर 'इन्खेन्येरो', बाई असतील तर 'इन्खेन्येरा', पदवीधर वरिष्ठांना 'लिसेन्स्यादो', 'लिसेन्स्यादा'. तुमच्या बाई अकाउंट्सच्या असतील तर बहुतेक लोक त्यांना 'कोन्तादोरा' म्हणत असतील. एकदा ऐकून बघा. 'ब्वेनोस दीआस, कोन्तादोरा, कोमो एस्ता?' हे वाक्य तिथल्या कानाला अगदी घरचं वाटतं.

दुसरं, फोन उचलल्यावर मेक्सिकन माणूस 'ब्वेनो?' म्हणतो. ते 'हॅलो' आहे. माझ्या टीममध्ये पुण्याहून नवीन आलेली मुलं ते ऐकून 'मी बरा आहे' असं उत्तर मिळालं समजायची. कोलंबियात 'आलो' म्हणतात आणि स्पेनमध्ये 'दिगा' किंवा 'सी?'.

तिसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'ब्येन, ग्रास्यास' नंतर थेट इन्व्हॉइसवर येऊ नका. 'इ उस्तेद?' विचारा, घरचे कसे आहेत विचारा, 'इ ला फामील्या?' एवढं पुरे. आठवड्याचा शेवट कसा गेला विचारा. माझ्या अनुभवात ज्या पुरवठादाराशी रोज एवढं बोलणं व्हायचं तो अडचणीच्या वेळी स्वतःहून फोन करून सांगायचा की माल उद्या निघणार नाही. बाकीचे नुसता मेल टाकायचे, तोही उशिरा.

नवशिकी:

सगळ्यांचे मनापासून आभार. बोगोताच्या मुलाचं कळल्यावर खूप हायसं वाटलं.

दुभाषीताई, तुम्ही 'कोमो सीगे' म्हणालात त्यावरून विचारते. मॉन्तेरेयजवळचे एक पुरवठादार आहेत, साठीच्या आसपासचे. शुक्रवारी त्यांनी व्हॉट्सॲपवर कळवलं की आईचं ऑपरेशन झालं म्हणून दोन दिवस ऑफिसात नव्हते, आणि लगेच खाली बिलाचा फोटो पाठवला. मी बिल मिळाल्याचं लिहिलं. आईबद्दल काय लिहावं, किती लिहावं, ते समजेना. सोमवारी त्यांच्याशी कॉल आहे. आपण परके, आईबद्दल विचारलेलं चालतं का?

दुभाषी:

चालतं म्हणजे काय, विचारायलाच हवं. त्यांनी स्वतःहून सांगितलंय ना? मग आता न विचारणं त्यांना जास्त खटकेल.

सोमवारी नमस्कार झाला की पहिलं वाक्य हेच: 'कोमो सीगे सु मामा?' आणि इथे एक नीट लक्षात ठेव. मेक्सिकोत 'मामा' म्हण, 'माद्रे' नको. शब्द चुकीचा नाही, स्पेनमध्ये सर्रास चालतो, पण मेक्सिकोच्या बोलीत 'माद्रे' इतक्या शिव्यांमध्ये आणि वाक्प्रचारांमध्ये गुंतलेला आहे की दुसऱ्याच्या आईबद्दल आदराने बोलताना तिथली माणसं 'सु मामा' असंच म्हणतात. मोठ्या वयाची माणसंसुद्धा.

मग थांब. ते काय सांगतील ते सांगू देत. हळूहळू सुधारतेय असं असेल तर 'आई बा' किंवा 'पोको आ पोको' ऐकशील. देवाची कृपा म्हणून 'ब्येन, ग्रास्यास आ द्योस' ऐकशील, हे तिकडे अगदी नास्तिक माणसाच्याही तोंडात असतं. सगळं समजलं नाही तरी हरकत नाही. बातमी चांगली असेल तर 'के ब्वेनो, मे आलेग्रो मूचो' म्हण. बरी नसेल तर 'लो स्येन्तो मूचो'. दोन्हीत शेवटी 'के से मेखोरे प्रोन्तो' म्हण, लवकर बऱ्या होवोत. ऑपरेशन आहे म्हणून 'के से रेकुपेरे प्रोन्तो' हेही चांगलं. यातला 'से' त्या आजींसाठी आहे. उद्या तुझी मैत्रीण आजारी पडली आणि तिलाच म्हणायचं असलं तर 'के ते मेखोरेस' होईल.

आजच व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकलीस तर अधिक चांगलं. 'एस्पेरो के सु मामा सीगा मेखोर.' तुमच्या आई आता पहिल्यापेक्षा बऱ्या असतील अशी आशा करते. एवढंच. त्यासोबत बिलाबद्दल काही लिहू नकोस, बिलाचा निरोप वेगळा जाऊ दे.

वाचनमात्र:

मधे शिरतो. आमचा क्लायंट बुएनोस आयरेसचा आहे. तिथे यातलं काय चालतं? आणि औपचारिक मेलमध्ये खुशाली कशी लिहितात?

दुभाषी:

अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस'. 'कोमो एस्तास' दिसायला तेच राहतं, पण 'कोमो आन्दास'चा जोर शेवटी जातो, आन्दाऽस. 'के ओन्दा' तिथेही आहे. 'तोदो ब्येन?' फार ऐकशील, त्याला 'तोदो ब्येन, बोस?' म्हणून मोकळं व्हायचं. वयाने मोठ्या क्लायंटला उस्तेद आहेच.

मेलमध्ये 'एस्पेरो के से एन्क्वेन्त्रे ब्येन', म्हणजे आपण कुशल असाल अशी आशा आहे, हे एक वाक्य स्पेनपासून चिलीपर्यंत सगळीकडे चालतं. अनेकांना एकत्र लिहीत असाल तर 'से एन्क्वेन्त्रेन'. ते मायन्याच्या खाली स्वतंत्र ओळीवर लिहा आणि कामाचा मजकूर पुढच्या परिच्छेदापासून सुरू करा. बोलताना मात्र हे वाक्य वापरू नका, फोनवर ते पत्र वाचून दाखवल्यासारखं वाटतं.